नकाशावर प्रवासाची रेघ सरकवायची आहे, पण ती खाडी ओलांडायला तयार नाही

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी. मी व्हिडिओवाली नव्हे, चौथीच्या वर्गाला शिकवते. तेव्हा उत्तरं चौथीला कळतील अशी द्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि धाकटी बहीण स्कूटरवरून भाऊचा धक्का ते मालवण गेलो. हायवे टाळून, शक्य तितकं किनाऱ्यानं. मी चालवत होते, ती मागे बसून सूचना देत होती. परत आलो तेव्हा जातानाचे मीटरवर ५१२ किलोमीटर भरले होते आणि दोघींचं तीन दिवस बोलणं बंद होतं. पण ते असो.

आई ८१ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला आता गच्चीवरही जाववत नाही. तिचं माहेर धोपावे, म्हणजे दाभोळच्या खाडीच्या अलीकडे की पलीकडे हे तुम्ही कुठल्या काठावर उभे आहात त्यावर ठरतं. तिच्यासाठी वीसेक मिनिटांचा व्हिडिओ करतेय. दर टप्प्याआधी नकाशा यावा, त्यावर लाल रेघ सरकत जावी, गाव आलं की थांबावी, मग तिथले फोटो. एवढंच हवंय.

पहिला प्रयत्न: मोबाइलवरच्या नकाशात दाभोळ ते गुहागर टाकलं, आलेल्या मार्गाचा स्क्रीनशॉट घेतला आणि त्यावरून रेघ गिरवली. आईला दाखवलं. ती चष्मा पुसून म्हणाली, "धोपाव्याला जायला चिपळूणला कोण जातं?" नकाशानं आम्हाला अख्ख्या खाडीला वळसा घालून नेलं होतं. आम्ही तर जंगलजेटीतून, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीतून, स्कूटरसकट पलीकडे उतरलो होतो!

दुसरा प्रयत्न: एक तयार ॲप. गावांची नावं टाकली की गाडी आपोआप पळते. मुरुड टाकलं तर ते जंजिऱ्याजवळचं की हर्णैजवळचं हे त्याला कळेना, आणि गाडी एवढी मोठी की तिच्याखाली अख्खा श्रीवर्धन तालुका झाकला गेला. वर 'हर्णै'चा रफार आणि मात्रा वेगवेगळ्या दिशांना.

आता भाच्यानं लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती टाकून दिली आहे. क्लिप कापणं-जोडणं जमतं. त्यातलं फ्यूजनचं पान, म्हणजे चित्रं हलवायची जागा, उघडलं की मात्र घाबरून बंद करते. काय करू?

गाडीवाला_बंड्या

ताई, सोप्पं. नकाशाच्या चित्रावर सफेद पट्टी ठेवा आणि ती हळूहळू बाजूला सरकवा, खालची रेघ उघडी पडत जाईल. मी लडाखच्या व्हिडिओत असंच केलंय. कुणाला कळत नाही.

शटरछाप

बंड्याभाऊ, लडाखचा रस्ता बहुतेक एका दिशेनं जातो म्हणून निभावलं. कोकणचा रस्ता दर खाडीला आत वळतो, परत समुद्राकडे येतो. पट्टी सरकवली तर उद्याचा रस्ता आज दिसेल.

ताई, मी चिपळूणचा. लग्नाचे व्हिडिओ करतो, त्यामुळे 'वरात इथून निघाली, इथे आली' अशा रेघा शेकड्यानं काढल्यात. पण माझी युक्ती बंड्याच्या पट्टीपासून फार लांब नाही. तिलाच नीट करू.

दोन चित्रं घ्या, अगदी एकाच मापाची. एकात नुसता नकाशा. दुसऱ्यात तोच नकाशा, वर पूर्ण लाल रेघ आणि गावांची नावं. दुसरं चित्र पहिल्यावर ठेवायचं आणि सुरुवातीला सगळं झाकून ठेवायचं. मग मार्गावरून जाणारा एक जाड अदृश्य ब्रश फिरवायचा. तो जिथवर पोचेल तिथवरच वरचं चित्र उघडं पडतं. म्हणजे रेघ कशीही असू द्या, तुटक, टिंबांची, बाजूला होडीचं चित्र असलेली, ती आधीच चित्रात आहे. एडिटर फक्त पडदा उघडतो. मराठी अक्षरांचं रडगाणंही तिथेच संपतं, कारण नाव हे चित्र झालं. त्याचा रफार आता पळून कुठे जाणार?

फ्यूजनमध्ये असं. दोन्ही चित्रं मीडिया पूलमधून (आत घेतलेल्या फाइलींच्या कप्प्यातून) थेट नोड्सच्या जागेत ओढा. नोड म्हणजे एकेक काम करणारा चौकोन. एक मर्ज नोड घ्या, तो एका चित्रावर दुसरं ठेवतो. साधा नकाशा त्याच्या पिवळ्या टोकाला, रेघवाला हिरव्या टोकाला. आता एक पॉलिगॉन नोड आणून मर्जच्या निळ्या टोकाला जोडा, तो मास्क, म्हणजे किती दिसावं ते ठरवणारा पडदा. पॉलिगॉन निवडून नकाशावर मार्गानं टिचक्या मारत जा. शेवटी पहिल्या बिंदूवर परत टिचकी मारू नका, नाहीतर आकार बंद होईल आणि रेघेऐवजी अख्खा रायगड जिल्हा उघडेल. मग 'सॉलिड'ची खूण काढा, 'बॉर्डर विड्थ' वाढवा. आणि मग मुख्य गोष्ट, 'राइट लेन्थ' (लिहिण्यातलं राइट, उजवं नव्हे). तो आकडा ० असला की काही दिसत नाही, १ असला की सगळं दिसतं. पहिल्या फ्रेमवर ०, शेवटच्या फ्रेमवर १, दोन्हीकडे कीफ्रेम, म्हणजे 'या क्षणी हा आकडा' अशी खूण. झालं.

गावात थांबायचं असेल तर राइट लेन्थ हातानं सरकवून रेघ बरोब्बर त्या गावापर्यंत आणा, तिथे कीफ्रेम लावा. तीन सेकंदांनी पुन्हा तोच आकडा, पुन्हा कीफ्रेम. तेवढा वेळ रेघ उभी राहील. थांब्यावर ती किंचित मागेपुढे डुलली तर स्प्लाइनमध्ये (आकड्यांच्या आलेखात) जाऊन त्या दोन कीफ्रेम लिनियर, म्हणजे सरळ रेषेच्या, करा.

लॅपटॉप जुना असेल तर नकाशाची क्लिप वेगळी रेंडर करून घ्या आणि मग तयार फाइल मुख्य व्हिडिओत टाका. नाहीतर दर वेळी प्ले दाबलं की चहा करून यावं लागेल.

फक्त नकाशाची चित्रं चांगली हवीत. स्क्रीनशॉट नको. ते काम इथल्या नकाशावाल्यांचं. अक्षांशराव, आहात का?

अक्षांश_रेखांश

आहे. रविवारची डुलकी सोडून आलोय.

खाडीपल्याडताई, तुमची खरी अडचण रेघ हलवण्याची नाहीच. तुमचा अख्खा मार्ग तयार नकाशात 'मार्ग' म्हणून मिळेलच असं नाही, कारण तो पाच ठिकाणी पाण्यावरून जातो. भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बरोबर ना? तेव्हा मार्ग आपणच काढायचा.

क्यूजीआयएस नावाचं नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ताईंनी ट्रॅक, म्हणजे फोननं टिपलेला जायचा मार्ग, नोंदवला नसेल असं गृहीत धरतो. (नोंदवला असेल तर तोंडात साखर, त्या ट्रॅकची जीपीएक्स फाइल थेट उघडते.) नसेल तर फोटो आहेतच. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असतात. क्यूजीआयएसमध्ये जिओटॅग केलेले फोटो आत घेण्याची सोय आहे, फोल्डर दाखवलं की नकाशावर टिंबं पडतात. ती रस्त्यानं जोडत जा. मात्र फोटो मूळ फोनमधूनच घ्या. व्हॉट्सॲपवरून बहिणीनं पाठवलेल्या फोटोंमधून ही माहिती गळून जाते.

रेघ एक सलग काढू नका. रस्त्याचा तुकडा, पाण्याचा तुकडा, पुन्हा रस्त्याचा, असे तुकडे करा आणि प्रत्येकाला एक शब्द चिकटवा, 'रस्ता' किंवा 'पाणी'. मग त्या शब्दावरून रंग ठरवायला सांगा. रस्ता लाल सलग, पाणी निळं तुटक. आईंना चटकन कळेल.

आता मापाचं बघू, इथे बहुतेक जण अडखळतात. भाऊचा धक्का ते मालवण उत्तर-दक्षिण सरळ अंतर सुमारे ३२० किलोमीटर. पूर्व-पश्चिम जेमतेम ७०. आणि टीव्हीचा पडदा आडवा! अख्खं कोकण एका पडद्यात बसवलंत तर मधोमध एक बारीक काडी दिसेल, डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे देश. म्हणून नकाशा उभा, लांबलचक करा आणि कॅमेऱ्यानं वरून खाली उतरा. पत्रिका उलगडतात तसं.

माझा हिशोब असा: रुंदी १९२० पिक्सेल म्हणजे १२० किलोमीटर, किलोमीटरला १६ पिक्सेल. उंची ५४०० पिक्सेल, म्हणजे १०८० पिक्सेल उंचीचे बरोबर पाच पडदे. क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमध्ये पान १९२ बाय ५४० मिलिमीटरचं घ्या आणि एक्स्पोर्ट करताना २५४ डीपीआय (इंचाला किती पिक्सेल) लिहा. एका मिलिमीटरला नेमके १० पिक्सेल येतात, डोकं चालवायला लागत नाही. प्रमाण १:६,२५,०००. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, कोकण त्यातच येतं. एकदा रेघेचा थर बंद करून एक्स्पोर्ट, एकदा चालू करून. दोन चित्रं तयार.

पार्श्वभूमीला गर्दी नको. समुद्र एका रंगाचा, जमीन एका रंगाची, नद्या-खाड्या, आणि तुम्ही जिथे थांबलात तेवढ्याच गावांची नावं. अक्षरांना 'मुक्ता' टंक छान दिसतो. डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा वापरलात तर कोपऱ्यात त्यांचं श्रेय लिहा, ती अटच आहे. आणि सुरुवातीला अख्खा भारत दाखवून मग कोकणात उतरायचा मोह झालाच, तर देशाची बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच घ्या. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे, चुकीची सीमा छापणं गुन्हा ठरतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी पकडायला येणार नाही, पण यूट्यूबवर टाकणार असाल तर लक्षात असू द्या.

शटरछाप

पाच पडदे म्हटल्यावर सरकवायचा आकडा मी देतो. वरचं मर्ज झालं की त्याच्यापुढे आणखी एक मर्ज. त्याच्या पिवळ्या टोकाला १९२० बाय १०८० चं रिकामं बॅकग्राउंड, हिरव्याला आपला उभा नकाशा. मग या मर्जच्या सेंटरमधला वायचा (वर-खाली सरकवायचा) आकडा −१.५ असला की नकाशाचं वरचं टोक पडद्यावर, २.५ असला की खालचं. मधे कीफ्रेम लावून रेघेच्या मागोमाग उतरा. पडद्याला आठ सेकंद धरले तर चाळीस सेकंद, वर पाच फेऱ्यांना प्रत्येकी तीन. पंचावन्न सेकंदांत मालवण. मग त्या क्लिपचे तुकडे करून टप्प्याटप्प्यानं वापरा.

खाडीपल्याड

तुम्हा दोघांना खरंच दंडवत. आठ दिवस गायब होते, सहामाहीचे पेपर तपासत होते आणि रात्री टिचक्या मारत होते.

क्यूजीआयएस जमलं! फोटोंची टिंबं पडली तेव्हा मी ओरडलेच. केळशीत आम्ही रस्ता चुकून त्याच पाणंदीत तीनदा गेलो होतो, ते टिंबांवरून स्पष्ट दिसतं. बहिणीला पुरावा म्हणून पाठवलाय. २५४ चा मंत्रही बरोबर चालला.

रेघ सरकते. थांबते. मांडव्याला, रेवदंड्याला, मुरुडला सगळं झकास. पण आता नवं दुखणं. दाभोळला रेघ पोचते न पोचते तोच पलीकडचं धोपाव्याचं टोक आधीच उघडं! म्हणजे आम्ही जेटीवर उभ्या आहोत आणि रस्ता आमच्या आधी पलीकडे पोचलाय. जयगडलाही तसंच. आणि निळी तुटक रेघ, जिच्यासाठी एवढा आटापिटा, ती दिसतच नाही. दोन निळे ठिपके आहेत फक्त. आईनं विचारलं, "हे काय, माश्या बसल्यात?"

दुसरं, मी हौसेनं स्कूटरचं चित्र रेघेच्या टोकाला लावलं. ती दक्षिणेकडे निघाली की नाकावर उभी राहते आणि हर्णैच्या आसपास तर चाकं वर करून पळते.

शटरछाप

पहिल्यात चूक माझी. ब्रश जाड ठेवा म्हटलं खरं, पण दाभोळची खाडी तुमच्या नकाशावर किती रुंद आहे ते बघा. साधारण किलोमीटरभर धरा, म्हणजे १६ पिक्सेल. तुमचा ब्रश चाळीस-पन्नास पिक्सेलचा असणार. अलीकडे उभं राहून पलीकडचं पुसतोय तो.

उपाय: एकाऐवजी दोन जोड्या करा. क्यूजीआयएसमधून रेघेचं चित्र दोनदा काढा, एकात दाभोळपर्यंतचे तुकडे, दुसऱ्यात धोपाव्यापासूनचे. प्रत्येकाला स्वतःचा मर्ज, स्वतःचा पॉलिगॉन. मग पहिला ब्रश कितीही जाड असू द्या, पलीकडचं टोक त्याच्या चित्रातच नाही तर दिसेल कसं? जयगडला तिसरी जोडी लागेल. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं.

स्कूटर काढून टाका. कडू वाटेल, पण ऐका. गाडीचं चित्र बाजूनं काढलेलं असतं आणि नकाशा वरून बघितलेला. रेघ जशी वळेल तशी गाडी वळवली की ती कोलांट्या मारणारच. पूर्व-पश्चिम प्रवासात निम्मा वेळ तरी खपून जातं, कोकणात तुम्ही सतत खाली उतरताय. फारच हौस असेल तर फिरवू नका, फक्त डावी-उजवीकडे उलटवा. नाहीतर टोकाला एक पांढरा ठिपका. मी नवऱ्यामुलाच्या गाडीचा पण ठिपकाच करतो, आजवर कोणी सासरा भांडला नाही.

अक्षांश_रेखांश

माश्यांवर उपाय माझ्याकडे. १:६,२५,००० वर किलोमीटरभराची खाडी दाखवता येणार नाही, ती नकाशाची मर्यादा आहे. दाभोळसाठी वेगळा नकाशा करा. त्याच लेआउटमध्ये पान १९२ बाय १०८ मिलिमीटर, प्रमाण १:६२,५००, डीपीआय तोच. आता किलोमीटरला १६० पिक्सेल मिळतील, पडद्याची रुंदी १२ किलोमीटर. दोन्ही काठ, दोन्ही धक्के, मधे वाशिष्ठीचं मुख, पश्चिमेला उघडा समुद्र. मोठ्या नकाशावर रेघ दाभोळला थांबली की कट करून हा नकाशा आणा, निळी तुटक रेघ सावकाश पलीकडे जाऊ द्या, पोचली की परत मोठ्या नकाशावर.

आणि वेळेचा विचार करा. रेघेचा वेग अंतरावर ठेवला तर जेटीच्या वाट्याला पाव सेकंदही येत नाही. पण रत्नागिरी ते पावस तुम्हाला काय आठवतंय आणि जेटीवरचं काय आठवतंय? ज्याचं आठवतं त्याला सेकंद द्या.

गाडीवाला_बंड्या

पण मोफत आवृत्तीत एवढं सगळं चालतं का? मला वाटलं फ्यूजन विकत घ्यावं लागतं.

शटरछाप

चालतं. मोफत आवृत्तीतही फ्यूजनचं पान आहे. ३८४० बाय २१६० पर्यंत व्हिडिओ बाहेर काढता येतो, ताईंना तर १०८० च हवाय.

खाडीपल्याड

स्कूटर काढली. पांढरा ठिपका लावला. बहीण म्हणते, ठिपक्यात ती दिसत नाही. मी म्हटलं, मागे बसणारी असंही दिसत नाही.

जोड्या तीन केल्या. दाभोळला आता रेघ शहाण्यासारखी थांबते. मग दाभोळचा वेगळा नकाशा येतो, दोन्ही काठ समोरासमोर, आणि निळे तुकडे एकेक करून पाण्यावर उमटतात. मी त्याला नऊ सेकंद दिले. शटरछाप म्हणतील जास्त झाले. खाली जेटीच्या इंजिनचा आवाज टाकला, तो माझ्या फोनमध्ये चुकून रेकॉर्ड झाला होता, स्कूटरची किल्ली शोधत असतानाचा.

काल आईला एवढाच तुकडा दाखवला. तिनं बोट लावून लॅपटॉपचा पडदा खराब केला आणि म्हणाली, "आमची तर इथून नाही सुटायची. थोडी वरच्या अंगाला." तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. लहानपणी चंडिकेच्या दर्शनाला आणि बाजाराला ती धोपाव्याहून दाभोळला तरीतून जायची, जेटीबिटी तेव्हा कुठली. मग तिनं तिचा मार्ग सांगितला. भरतीला तर कुठे लागायची, ओहोटीला चिखलातून कुठवर चालावं लागायचं, छत्री उघडली की तांडेल कसा ओरडायचा. मी क्यूजीआयएस उघडून तिच्या समोरच काढला. ती रेघ सरळ नाहीच, आधी प्रवाहाच्या वर जाते आणि मग खाली घसरत पलीकडे लागते. हिरवी केलीय, टिंबाटिंबांची.

आता नकाशावर दोन रेघा आहेत. आधी तिची सरकते, मग आमची. ती उलट दिशेनं येते, धोपाव्याहून दाभोळला, त्यामुळे पॉलिगॉन पलीकडून काढावा लागला. मी दोनदा उलटा काढला होता.

एक शंका राहिली. भाऊच्या धक्क्याला ठिपका रेघेच्या किंचित आधी सुटतो. दोन्हीकडे कीफ्रेम त्याच फ्रेमवर आहेत, मी तपासलंय. पुढे कुठेच होत नाही, फक्त तिथेच.

शटरछाप

पॉलिगॉनचा पहिला बिंदू धक्क्याच्या थोडा अलीकडे पडला असेल, जमिनीवर. तेवढं अंतर ब्रश रिकामाच फिरतो, खाली रेघ नाही. बिंदू ओढून बरोबर पाण्याच्या कडेला आणा. आणि ताई, नऊ सेकंद राहू द्या.